उतारा, 'च' आणि 'म्हणे' : कॅटच्या आरसीचा माझा अनुभव

१६ प्रश्न सोडवले, त्यातले ४ बरोबर आले आणि १२ चुकले. चार त्रिक बारा, त्यातून चुकलेल्यांचा प्रत्येकी एक कापला की उरलं शून्य. कॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा, आणि तिच्या माझ्या पहिल्या मॉकमधल्या, म्हणजे सराव परीक्षेतल्या, आरसीचा, म्हणजे रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा, हा हिशोब. ४० मिनिटं जीव तोडून वाचत होते, आणि काहीही न सोडवता नुसती स्क्रीनकडे बघत बसले असते तरी तेवढेच मार्क आले असते. त्या रात्री मेसचा डबा उघडलाच नाही.

मी बार्शी तालुक्यातली. चौथीपर्यंत झेडपीची शाळा, मग गावातलंच हायस्कूल, सगळं मराठी मिडीयम, बीकॉम बार्शीत केलं आणि नंतर पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात नोकरीला लागले. तिथे लोकांची जीएसटीची रिटर्न भरता भरता एमबीए करायचं डोक्यात बसलं. गणिताची भीती नव्हती, डीआयएलआर म्हणजे ते टेबल आणि ग्राफवाले सेट, ते पण सरावाने जमायला लागले, पण इंग्लिशचा सेक्शन उघडला की पोटात गोळा यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी दिली तेव्हा कॅटच्या या सेक्शनला २४ प्रश्न आणि ४० मिनिटं होती, त्यातले १६ प्रश्न आरसीचे, चार उतारे आणि प्रत्येकावर चार प्रश्न. उतारा साधारण ५०० शब्दांचा, विषय काहीही, प्राण्यांची बुद्धी असेल, जुन्या काळचा समुद्रावरचा व्यापार असेल, नाहीतर भाषा कशी बदलते ते असेल. बरोबरला ३, चुकीला वजा १. आणि हा सेक्शन पडला की बाकी दोन्हीत कितीही चांगलं करा, मोठ्या कॉलेजांचे सेक्शनल कटऑफ आडवे येतात, म्हणजे इंग्लिश सोडून देऊन गणितावर तरून जाऊ असंही करता येत नाही.

मी काय केलं तर जे सगळे करतात तेच केलं, शब्द पाठ केले. एका क्लासला पैसे भरले होते, तिथे पहिल्याच दिवशी शब्दांची जाडजूड लिस्ट हातात दिली आणि सांगितलं की रोज ३० करा, व्होकॅब आलं की आरसी आपोआप येतं. मी विश्वास ठेवला. ऑफिसला जाताना बसमध्ये, जेवताना, झोपताना शब्दच शब्द, सहा महिने. शब्द पाठ झाले हो, खोटं नाही बोलणार, पण मार्क हलले नाहीत. २७ नोव्हेंबर २०२२ ला पहिली कॅट दिली आणि डिसेंबरात रिझल्ट आला तेव्हा इंग्लिशच्या सेक्शनला ४१ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या साधारण ४१ जणांच्याच पुढे. दादाने फोनवर विचारलं, "तुझं इंग्लिश तर आता चांगलं झालंय ना गं, मग?" मला काय सांगावं तेच कळेना, कारण मलाही तेच वाटत होतं.

आता मागे वळून बघितल्यावर दिसतं की माझी अडचण शब्दांत कमी होती आणि दहावीच्या उताऱ्यात जास्त होती. आपल्याला शाळेत उतारा कसा सोडवायला शिकवतात आठवा. आधी प्रश्न वाचायचा, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उचलून उत्तर म्हणून लिहायचं. मराठीत पण तेच, इंग्लिशमध्ये पण तेच. उतारा समजला नाही तरी पैकीच्या पैकी मार्क पडायचे, मला पडलेत. ही सवय दहा वर्षं हाताला लागलेली, ती मी तशीच कॅटमध्ये घेऊन गेले, आणि कॅटचा पेपर काढणारे नेमकं उलटं करतात. चुकीच्या ऑप्शनमध्ये उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे घालतात, फक्त त्यांची जोडणी बदलतात. आणि बरोबर ऑप्शन वेगळ्याच शब्दांत लिहिलेला असतो, त्यात उताऱ्यातला एखादा शब्दही सापडत नाही. म्हणजे ओळखीचा शब्द दिसला की त्यावर क्लिक करणारा माणूस बरोबर त्यांच्या सापळ्यात जातो. मी वर्षभर दर मॉकला जात होते.

हे मला कळलं ते एका ताईमुळे. दुसऱ्या अटेम्प्टसाठी मी सदाशिव पेठेत एक अभ्यासिका लावली होती, संध्याकाळी सात ते अकरा. शेजारच्या टेबलवर बसणारी ताई यूपीएससी करत होती. तिच्या प्रिलिमच्या दुसऱ्या पेपरमध्ये, म्हणजे सीसॅटमध्ये, नुसतं ३३ टक्के घेऊन पास व्हायचं असतं, पण तेवढ्याचसाठी तिचं एक वर्ष गेलं होतं, म्हणून ती उताऱ्यांच्या मागे हात धुऊन लागलेली. एकदा चहाला खाली गेलो तेव्हा मी तिला माझा चुकलेला प्रश्न दाखवला. तो उतारा मी कधीच विसरणार नाही, जरा सविस्तर सांगते.

उतारा मुंबईच्या वेळेवर होता. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशभर एकच वेळ लागू केली, आपण आज पाळतो तीच. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती आणि नवीन वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं पुढे. मुंबईत याला जोरदार विरोध झाला आणि जुनी वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. हे झालं पहिल्या पॅरात. दुसऱ्या पॅरात असं की अनेक जण या विरोधाकडे सरकारविरुद्धचं राजकारण म्हणून बघतात, आदल्याच वर्षी वंगभंग झालेला, वातावरण तापलेलं, वगैरे. तिसऱ्या पॅराची सुरुवात 'यट' ने, म्हणजे 'तरीही' ने, होती. तिथे लेखक गिरणी कामगारांकडे वळतो. त्यांच्यासाठी हा घड्याळाचा प्रश्न नव्हता, नवीन वेळेने सकाळी सहाचा भोंगा झाला म्हणजे जुन्या घड्याळात पाच एकवीस, म्हणजे अजून अंधार असताना घर सोडायचं. तर हा रोजच्या जगण्याचा भाग धरल्याशिवाय विरोध नीट समजत नाही, असं त्याचं म्हणणं.

प्रश्न होता, लेखक खालीलपैकी कशाशी सहमत होईल. एक ऑप्शन, विरोध हा राजकीय होता. दुसरा, विरोधाचा राजकारणाशी संबंध नव्हता. तिसरा, राजकारण हे विरोधाचं पुरेसं स्पष्टीकरण नाही. चौथा, कामगारांना नवीन वेळ समजली नव्हती.

मी पहिला टिक केला होता. का? कारण वंगभंग, १९०५, कर्झन हे मला दहावीपासून तोंडपाठ, आणि दुसरा पॅरा वाचताना ते सगळं डोक्यात जागं झालं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे खरं वाटलं. ताईने उतारा वाचला आणि फक्त एवढंच विचारलं, "अगं पण हे कोण म्हणतंय? लेखक म्हणतोय, का लेखक दुसऱ्यांचं सांगतोय?"

मी पुन्हा वाचलं. लेखक दुसऱ्यांचं सांगत होता. मग मी घाईघाईने म्हणाले, "हां मग दुसरा ऑप्शन, राजकारणाशी संबंध नाही." ताई म्हणाली, "मराठीत सांग बघू तो काय म्हणतोय ते, एका वाक्यात." मी म्हणाले, "विरोध राजकारणामुळेच नव्हता." आणि माझं मलाच ऐकू आलं. राजकारणामुळेच नव्हता, आणि राजकारणामुळे नव्हताच. एक 'च' इकडचा तिकडे गेला की दोन वेगळी वाक्यं होतात. पहिल्यात राजकारण आहे पण एकटं नाही, दुसऱ्यात राजकारण मुळी नाहीच. तिसरा ऑप्शन म्हणजे पहिलं वाक्य, दुसरा ऑप्शन म्हणजे दुसरं वाक्य. जो फरक मला इंग्लिशमध्ये सहा महिने दिसत नव्हता तो माझ्या स्वतःच्या भाषेत मला पहिलीपासून येत होता! बार्शीत भाजीवालीशी बोलताना मी कधी 'च' चुकीच्या जागी लावलेला नाही.

त्या दिवसापासून मी पद्धतच बदलली. प्रत्येक पॅरा वाचून झाला की रफ पेपरवर मराठीत एक ओळ, जास्तीत जास्त सात-आठ शब्द, त्या पॅरात लेखक काय सांगतोय याची. भाषांतर नाही हं, भाषांतर मी आधी करायचे, मनातल्या मनात प्रत्येक वाक्य मराठीत करत जायचे आणि तिसऱ्या पॅरापर्यंत पहिला विसरलेला असायचा. इथे फक्त मुद्दा. आणि जिथे लेखक दुसऱ्या कुणाचं मत सांगतोय तिथे त्या ओळीपुढे 'म्हणे' लिहायचं. आमची आजी बातमी सांगायची तेव्हा "तिला म्हणे सासूने घराबाहेर काढलं" असंच सांगायची, म्हणजे बातमी तर दिली पण खरं-खोटं तिच्या अंगाला लागलं नाही. कॅटचे लेखक पण हेच करतात. आधी पॅराभर दुसऱ्यांचं मत इतकं पटवून सांगतात की ते त्यांचंच वाटावं, आणि मग 'हाउएव्हर' टाकून उलटे फिरतात. त्या मुंबईच्या उताऱ्याच्या माझ्या तीन ओळी नंतर अशा झाल्या: नवी वेळ आली, मुंबईने विरोध केला. कारण राजकारण, म्हणे. पण कामगारांचं पोट पण, नुसतं राजकारण नाही. या तीन ओळी समोर असल्या की चारही ऑप्शनचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो.

आणखी एक गोष्ट केली जी मला कुणी सांगितली नव्हती. मी लोकसत्ताचा अग्रलेख घ्यायला लागले, मराठीतला, आणि वाचून झाल्यावर पेपर पालथा ठेवून लिहायचे की लिहिणाऱ्याचं म्हणणं काय आहे. आणि खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मला ते मराठीत पण येत नव्हतं! विषय कुठला ते सांगता यायचं, त्यातले आकडे सांगता यायचे, पण हा माणूस नक्की कुणाच्या बाजूने बोलतोय आणि किती जोर लावून, ते सांगताना अडायचे. मला याचा धक्का बसला आणि दिलासाही मिळाला. इतकी वर्षं मराठी मिडीयमचा न्यूनगंड घेऊन फिरत होते, रूमवर कॉन्व्हेंटवाल्या मुली फाडफाड बोलायच्या तेव्हा मान खाली जायची, आणि अडचण निघाली वाचण्याची, भाषेची नंतर. माझ्या रूममेटचं इंग्लिश माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होतं, पण तिलाही मॉकला आरसीत फार वेगळे मार्क नसायचे, कारण ती पण आधी स्वतःचं मत बनवायची आणि मग ते मत ऑप्शनमध्ये शोधायची.

आता याचा अर्थ शब्द लागत नाहीत असं मी म्हणत नाहीये. लागतात, पण लिस्टमधले अवघड शब्द मला फार कमी वेळा आडवे आले, आडवे आले ते सोपे शब्द. 'हार्डली' मी कितीतरी दिवस 'कष्टाने' असं वाचत होते, तो जवळजवळ नकार असतो हे माहीतच नव्हतं, म्हणजे वाक्याचा अर्थ थेट उलटा. 'क्वालिफाइड' म्हणजे शिकलेला, एवढंच माहीत. लेखकाचा सूर कसा आहे या प्रश्नाला 'क्वालिफाइड सपोर्ट' असा ऑप्शन आला तर मी तो हसून सोडून द्यायचे, वाटायचं की पाठिंब्याचं काय क्वालिफिकेशन. त्याचा अर्थ अटी घालून दिलेला पाठिंबा, हो पण जरा थांबा असा. 'सँक्शन' तर परवानगी पण आणि बंदी पण. मी मग एक वही केली, तिच्यात अवघड शब्द लिहायचेच नाहीत असं ठरवलं, ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ निघाला तरच लिहायचा. चार महिन्यांत दीडशेच्या आसपास झाले असतील, आणि त्या मोठ्या लिस्टपेक्षा या दीडशेंनी मला जास्त मार्क दिले.

चुकांची वही वेगळी. मॉक झाला की चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर मी लिहायचे की मी निवडलेला ऑप्शन का आवडला होता. बरोबर उत्तर का बरोबर हे सगळे बघतात, सोल्युशनमध्ये ते लिहिलेलंच असतं, पण मला चुकीचं का गोड लागलं हे मलाच शोधायला लागतं. महिन्याभरात त्याच चार-पाच कारणांच्या रांगा लागल्या. 'म्हणे' हुकला. 'ऑल' किंवा 'ओन्ली' असताना दिसला नाही. गोष्ट खरी आहे पण उताऱ्यात नाही, माझ्या डोक्यात आहे. प्रश्नात 'एक्सेप्ट' होता आणि मी सरळ सोडवला. शेवटच्या कारणासाठी साधा उपाय केला, प्रश्नात 'एक्सेप्ट' किंवा 'नॉट' दिसला की रफ पेपरवर मोठ्ठं 'सोडून' लिहायचं आणि मगच ऑप्शनला हात लावायचा. त्यानंतर तसा एकही चुकला नाही.

वेळेचं सांगायचं तर चार उतारे करायचेच असा हट्ट मी सोडला. चारही करायचे म्हटलं तर प्रत्येकाला आठ मिनिटं आणि बाकीच्या ८ प्रश्नांना मिळून आठ, माझा वाचायचा वेग तेवढा नव्हता आणि दोन-तीन महिन्यांत होणारही नव्हता. म्हणून तीन उतारे, प्रत्येकी दहा मिनिटं, आणि उरलेली दहा पॅराजंबल, म्हणजे उलटसुलट वाक्यांचा क्रम लावायचे प्रश्न, वगैरेला. पॅराजंबलमध्ये ऑप्शन नसतात, क्रम टाइप करायचा असतो, पण चुकलं तर मायनस पण नसतं, त्यामुळे ते रिकामे सोडायचेच नाहीत. चार मिनिटं मी नुसती वाचायला द्यायचे, लोक म्हणतात आधी प्रश्न बघा मग उतारा वाचा, मी तसं करून बघितलं आणि परत तेच व्हायला लागलं, दहावीचा उतारा, शब्द शोधणं. मला ते मानवत नाही. आधी उतारा, पूर्ण, आणि मगच प्रश्न.

२६ नोव्हेंबर २०२३, दुसरी कॅट. माझा स्लॉट दुपारचा, साडेबाराचा. इंग्लिशचा सेक्शन पहिलाच असतो, त्यामुळे हात गार असतानाच उतारा समोर येतो. पहिला उतारा उघडला, दोन वाक्यं वाचली, डोक्यात काहीच शिरलं नाही, आणि आधीच्या वर्षीसारखी धडधड सुरू झाली. मी तो सोडला आणि पुढच्यावर गेले. पहिल्या पॅराची मराठी ओळ लिहिली, पेन चालायला लागलं, दुसऱ्या पॅराला 'म्हणे' लिहायची वेळ आली तेव्हा श्वास जागेवर आला. तो सोडलेला उतारा शेवटपर्यंत उघडला नाही. आरसीचे १० सोडवले, आन्सर की आली तेव्हा बघितलं तर ७ बरोबर, ३ चूक, म्हणजे १८ मार्क. आकडा ऐकायला लहान वाटेल, पण रिझल्टमध्ये सेक्शनला ८६ पर्सेंटाइल होतं. दादाला मी ४१ आणि ८६ असे दोनच आकडे पाठवले, त्याने लगेच फोन केला आणि आईला दिला, आईला पर्सेंटाइल वगैरे काही कळलं नाही पण ती बराच वेळ बोलत राहिली.

आयआयएमला लागेल एवढा एकूण स्कोअर नव्हता, ते मला आधीच माहीत होतं. माझं काम झालं ते पुढच्या वर्षीच्या सीईटीवर. आपल्या महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीचा खेळ वेगळा आहे, २०० प्रश्न, १५० मिनिटं, त्यातले व्हर्बलचे ५०, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रश्नामागे सरासरी पाऊण मिनिट. तिथे मी प्रत्येक पॅराची ओळ लिहीत बसले नाही, तेवढा वेळच नसतो, पण चार-पाच महिने लिहून लिहून 'म्हणे' आता आपोआप ऐकू यायला लागला होता. आणि तिथे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिक करायचंच, कॅटची सवय घेऊन गेलेली मुलं इथे हात आखडता घेतात आणि फुकटचे मार्क सोडून येतात. कॅपमधून, म्हणजे सीईटीनंतरच्या सरकारी प्रवेश फेऱ्यांमधून, पुण्यातलंच कॉलेज मिळालं.

ताईची त्यावर्षीची प्रिलिम निघाली. मी अजून अधूनमधून उतारे सोडवते, मामाच्या मुलीची तयारी चालू आहे तिच्यासोबत. तत्त्वज्ञानाचे उतारे, ज्यात माणसंच नसतात, नुसत्या कल्पनांची एकमेकींशी भांडणं असतात, ते मला अजूनही नीट जमत नाहीत, तिसऱ्या पॅराला माझी मराठी ओळच तयार होत नाही. परवा अशाच एका उताऱ्यावर आम्ही दोघी दीड तास बसलो होतो, शेवटी तिने दोन ओळी लिहिल्या, माझी एकच झाली, आणि तिसरा पॅरा उद्यावर ठेवला.